‘यादिगार’चा ओटा आणि आक्काच्या वाटणीचं तेल

बोझबुरून,
१७ मे

माझी थोरली बहीण मुबेरा आक्का हिला धाकट्या हिल्मीचा सलाम. तुझे दोन्ही हात आधी ओठांना आणि मग कपाळाला लावून हे पत्र सुरू करतो. (टपालातून कोणाचे हात कपाळाला लावता येत नाहीत हे मलाही कळतं. पण गेल्या पत्रात "हिल्मी, तुझी लिहायची रीतच गेली" असं तू सुनावलंस, म्हणून आधी रीत पुरी करून घेतली.) तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाब? चौथ्या मजल्यावरची ती लिफ्ट चालू झाली की अजून बंदच? आणि तुझा तो पिवळा पक्षी, जो दाजी गेल्यापासून गातच नव्हता, त्याने तोंड उघडलं का? इकडे सगळे खुशाल आहेत. नाझिफे तुझ्या हातांचं चुंबन घेते. शेळीला दोन करडं झाली. माझी तब्येत तर अशी ठणठणीत आहे की रोज सकाळी समोरच्या बेटापर्यंत पोहून जातो आणि आल्यावर न्याहारीला बसतो.

तू तीनदा तेलाबद्दल विचारलं आहेस. नोव्हेंबरात ऑलिव्ह तोडले, डिसेंबरात घाण्यावर तेल निघालं, आता मे अर्धा सरला, तरी वडिलांच्या झाडांतले तुझ्या वाटणीचे पाच डबे अजून बुर्साला का पोचले नाहीत, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मी देणार आहे. टाळाटाळ करणारा माणूस मी नव्हे. पण तेलाचं शेवटी सांगतो, कारण त्याआधी ओट्याचं सांगितल्याशिवाय तेलाचं काही कळणार नाही.

ओटा म्हणजे आपल्या ‘यादिगार’ बोटीच्या पिछाडीला, पाण्याच्या वर, वडिलांनी बसवलेली ती सागवानी फळ्यांची बैठक. पाहुणे जिथून समुद्रात उतरतात आणि जिथे बसून पाय पाण्यात सोडतात, ती. तू गेली पस्तीस वर्षं दर उन्हाळ्यात त्याच ओट्यावरून उडी मारत आलीस. तर जानेवारीत तुझं पत्र आलं. मी ते चहाखान्यात उघडलं, हीच चूक झाली. त्यात तू लिहिलं होतंस, "डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यात पोलाद बसवलं आहे, आता त्या तुझ्या लोखंडी शिडीवर पोपटासारखं लटकणं मला जमायचं नाही, यंदा मी येत नाही, पुढेही बहुधा नाहीच. माझं पोहणं संपलं. निळा पोहायचा पोशाख तुझ्याकडे ट्रंकेत आहे तो कोणाला तरी देऊन टाक." खरं सांगू आक्का? माझा चहा तसाच राहिला. मी सहा वर्षांचा असताना मला कमरेपर्यंत पाण्यात नेऊन, "डोळे मिट, घाबरू नकोस, मी धरलंय" असं म्हणत जिने कधीच हात सोडून दिला होता आणि मी आपला धरलंय समजून धक्क्यापर्यंत पोहत गेलो होतो, ती बाई लिहिते माझं पोहणं संपलं! मला रागच आला. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, एक जूनला आक्का याच समुद्रात उतरेल, स्वतःच्या पायांनी उतरेल, आणि लाकडावरून उतरेल. चहाखान्यात सगळे होते. एकदा सगळ्यांसमोर बोललेलं मागे घेणं आपल्या घराण्यात नाही हे तुला माहीतच आहे. (वडिलांनी असंच एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दाढी ठेवणार नाही, आणि मग मक्केहून आल्यावरसुद्धा ठेवली नाही.)

घरी येऊन नाझिफेला बेत सांगितला. ओटा काढायचा, दुरुस्त करायचा, दोन वीत खाली बसवायचा, आणि शिडीच्या जागी चांगल्या रुंद पायऱ्या करायच्या. ती म्हणाली, आधी स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय ते बघा. मी म्हटलं, छपराला पोहायचं नाहीये. त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही.

मग जावई आला. आपल्या हानिफेचा नवरा तुन्जाय, जो मार्मारिसला बोटींना प्लास्टिकचं लाकूड चिकटवायचा धंदा करतो. "बाबा, सागवान आता कोण लावतं? हे बघा, हुबेहूब. घासायचं नाही, पुसायचं नाही, जन्मभर असंच." त्याने चौकोनी तुकडा अंगणात ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. जेवून बाहेर आलो तर आमची मांजर त्याच्यावर चढली आणि चारी पाय आळीपाळीने झटकत खाली उतरली. मार्चचं ऊन हो! मी विचारलं, ऑगस्टमध्ये काय? तर म्हणे, त्यावर सतत पाणी टाकत राहायचं. म्हणजे आक्काने समुद्रातून वर यायचं आणि मी बादल्या घेऊन पळत पळत तिच्या पायाखाली पाणी टाकत राहायचं! मी त्याला तुकडा परत दिला. तो जरा खट्टू झाला, पण नाझिफेने त्याच्याबरोबर पालक भरून भाजलेला बोरेक बांधून दिला, तेव्हा हसत गेला. जावई वाईट नाही. फक्त माल वाईट आहे.

त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, बोट रुळांवरून वर ओढून घेतली होती आणि ओटा सोडवायला बसलो होतो. आक्का, आपल्या वडिलांना कोणावर विश्वास नव्हता हे मला ठाऊक होतं, पण समुद्रावरसुद्धा नव्हता हे तेव्हा कळलं. चार बोल्ट पुरले असते तिथे त्यांनी चौदा मारले होते, आणि प्रत्येकाचं डोकं लाकडी बुचाखाली लपवलेलं. तीन दिवस पाना आणि मी. चौथ्या दिवशी ओटा खाली आला तो थेट माझ्या चपलांवर. (पाय चपलांत नव्हते. बोटीवर चढताना चपला काढायची सवय अशी कामी येते.) उलटून पाहिला तर एक फळी टोकाला इतकी कुजलेली, की बोट घातलं तर आत गेलं. बाकीचं लाकूड वरून राखाडी आणि आतून टणक होतं.

आता इझ्झेत उस्तादकडे जाणं आलं. तुला आठवतो ना तो? बोटी बांधतो, वय अठ्ठ्याहत्तर, आणि दिवसाला तीन शब्द बोलतो, चौथा लागला तर उद्यावर ढकलतो. त्याने कुजलेली फळी काढून नवी बसवली. लोखंडी टेकू दोन वीत खाली घेतले. मग बाकीच्या राखाडी फळ्यांवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "समुद्राचं पाणी. आडवं." आणि गेला. म्हणजे मऊ ब्रश घ्यायचा, खारं पाणी घ्यायचं, आणि लाकडाच्या रेषांना आडवं घासायचं. एवढंच. मी त्याचं ऐकलं असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं आणि तुला तुझं... असो.

झालं काय, की आमचे सरपंच रेशात तेवढ्यात तिथे आले. सरपंच रेशात हा माणूस सज्जन आहे, पण त्याला मदत करायची हौस आहे. गावाने चौक धुवायला जोरदार फवाऱ्याचं नवं मशीन घेतलं आहे, चौक तर एकाच सकाळी धुऊन झाला, आणि तेव्हापासून ते मशीन घेऊन धुण्यासारखं काही सापडतंय का बघत सरपंच गावभर फिरत असतात. "हिल्मी कॅप्टन, ब्रशने महिना लागेल. हे बघ, चहा निवायच्या आत." आणि खरंच, चहा निवायच्या आत झालं. राखाडी रंग पार गेला. त्याच्याबरोबर लाकडाचा मऊ भागही गेला. कडक रेषा उभ्या राहिल्या, मधलं सगळं वाहून गेलं, आणि ओटा दिसायला लागला नांगरलेल्या शेतासारखा. सरपंच म्हणाले, पाय घसरणार नाही, हा एक फायदाच! मी त्यांचा रिकामा पेला उचलला. चहा मात्र पुन्हा विचारला नाही.

नांगरलेलं सपाट करायला तीन आठवडे लागले. घासायचं मशीन आणलं, जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. सागवानाचा भुसा हा पिवळा, तेलकट आणि चिकट असतो. तो नाझिफेच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसला, शेळीवर बसला, आणि शेजारच्या सेव्हिमने खिडकीत विरजायला ठेवलेल्या दह्यावर बसला. सेव्हिम ते पातेलं तसंच माझ्यासमोर आणून ठेवून परत गेली. मी ते खाल्लं. काय करणार? चूक माझी होती. (चव वाईट नव्हती.)

लाकूड एकदा गुळगुळीत झालं, तेव्हा त्याला काय लावायचं हा प्रश्न चहाखान्यात निघाला, आणि चहाखान्याचे दोन तुकडे झाले. अर्ध्यांचं म्हणणं व्हार्निश, अर्ध्यांचं म्हणणं तेल. निवडणुकीतसुद्धा इतकं तोंडाला तोंड लागत नाही. कोपऱ्यात बसलेला इझ्झेत उस्ताद तेवढ्यात म्हणाला, "काही लावू नको." तीन शब्द. पण ते कोणी ऐकलेच नाहीत, आणि मी ऐकले, तर मला वाटलं म्हातारा थकला. इतकी मेहनत करून काही लावायचं नाही? सुनेला सजवायचं आणि ओढणी द्यायची नाही, असं कुठे असतं का?

आधी व्हार्निश लावलं, कारण सरपंच त्या बाजूचे होते आणि आणलेला डबाही त्यांचाच होता. सहा हात दिले. आक्का, काय चमक होती! त्यात मला माझ्या मिशा दिसायच्या. एप्रिलच्या सहा तारखेला ओटा बोटीला बसवून, नजर लागू नये म्हणून खाली निळा मणी टांगून, ‘यादिगार’ पाण्यात सोडली. हलवा वाटला. सगळा गाव धक्क्यावर. आणि सरपंच, हातात चहाचा पेला, अनवाणी, पहिला मान आपला म्हणून ओट्यावर उतरले, ओला पाय व्हार्निशवर ठेवला, आणि दिसेनासे झाले. पेला मात्र वर राहिला, उभाच्या उभा, चहा न सांडता. सरपंचांच्या गुडघ्याला चांगलंच लागलं. बिचारे बरेच दिवस घरात होते. तेव्हा मला कळलं, की जे लाकूड कोरडं असताना आरशासारखं दिसतं, ते ओलं झाल्यावर माणसाला धरून ठेवत नाही. आणि आक्काला मी ज्यावर उभं करणार, त्याने आक्काला धरलं पाहिजे. तर व्हार्निश खरवडून काढलं. सहा हात द्यायला सहा दिवस लागले होते, काढायला सोळा लागले. सगळं बसून केलं. उभं राहून करण्यासारखं ते काम नसतं.

आता उरलं तेल. इथे मी तुला विचारतो आक्का, आपल्या घरात कशाला काय लावतात? कान दुखला, ऑलिव्हचं तेल. दार करकरलं, तेच. बाळ जन्मलं, तेच. शेळीचे सड तडकले, आईचे केस, दाजींच्या बुटांचं चामडं, तेच. लहानपणी माझा गुडघा फुटला तेव्हा तू काय चोळलं होतंस? मग ओट्याला मी दुकानातलं परकं तेल का लावावं? सागवान मुळातच तेलकट, तेलकटाला तेल, हा हिशेब मला अगदी सरळ वाटला. मी फडकं बुडवून पुसलं. लाकडाने पिऊन टाकलं. पुन्हा पुसलं, पुन्हा प्यायलं. मी म्हटलं पी बाबा, आपलंच घर आहे. एक डबा गेला. दुसरा गेला. ओटा मधासारखा दिसायला लागला, आणि मला वाटलं, अजून एक, की पुरे. (तेल कुठलं, कोणाच्या वाटणीचं, हे आत्ता विचारू नकोस. शेवटी सांगतो म्हटलंय ना?)

दोन दिवस गाव बघायला येत होता. तिसऱ्या दिवशी गावाऐवजी मुंग्या आल्या. त्या दोरावरून चालत धक्क्यापासून बोटीवर कशा आल्या, ते बघण्यासारखं होतं, मी अर्धा तास बघत होतो. मग गांधीलमाश्या. मग बंदरातल्या सगळ्या मांजरी, ज्या ओटा चाटायच्या आणि एकमेकींवर गुरगुरायच्या. उन्हाने तेल चिकट झालं, त्यावर धूळ बसली, धुळीवर काळे डाग पडले, आणि ‘यादिगार’च्या पिछाडीला आठवड्याभराच्या तळणाचा वास यायला लागला. दोन पाहुणे बोट ठरवायला आले होते, ते वास घेऊन शेजारच्या बोटीवर गेले. शेवटी इझ्झेत उस्ताद आला. वाकला, ओट्यावर बोट फिरवलं, ते जिभेला लावलं, आणि म्हणाला, "मीठ कमी." आणि गेला. आक्का, त्या माणसाचा हा तीस वर्षांतला पहिला विनोद होता आणि तो माझ्यावर होता. चहाखान्यात अजून चालू आहे. मी आत शिरलो की कोणीतरी टोमॅटो कापायला घेतो.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी हात टेकले होते. तीन महिने गेले होते, एक जून जवळ आला होता, आणि ज्यावर तू पाय ठेवायचा ते मी आधी नांगरलं, मग आरसा केलं, आणि मग कोशिंबीर. जावयाला फोन करून प्लास्टिक मागवावं, असं मनात आलं. फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात नाझिफे अंगणात सतरंज्या काढत होती, कारण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांचं सतरंज्या आणि गालिचे धुणं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि म्हणाली, "ठेवा तो. उद्या आधी तुमचं धुऊन देतो, मग आमचं."

सकाळी पाच बायका धक्क्यावर आल्या. सलवारी घोट्यांच्या वर खोचलेल्या, अनवाणी, हातात गालिचे घासायचे मऊ ब्रश आणि साबणासाठी ठेवलेलं चुलीच्या राखेचं कढत पाणी. सेव्हिमसुद्धा होती, दह्याचं मनात न ठेवता. (ठेवलं होतं. पण आली होती.) राखेचं पाणी ओट्यावर पडलं मात्र, आणि माझं सगळं तेल फसफसून वर आलं. घरी साबण करतात तोच प्रकार, फक्त कढईच्या जागी ओटा! आख्खा ओटा साबण झाला. बायका खिदळायला लागल्या, सेव्हिमने त्याच फेसात स्वतःचा गालिचा आणून टाकला, आणि पाचही जणी गुडघ्यांवर बसून, गाणी म्हणत, पुढेमागे ब्रश फिरवायला लागल्या. आणि मी बघतो तर काय, त्या आडवं घासत होत्या! गालिच्याच्या विणीला आडवं घासायचं हे त्यांना आईच्या मांडीवरून माहीत. इझ्झेत उस्तादने फेब्रुवारीत जे एका शब्दात सांगितलं होतं, ते गावातल्या प्रत्येक बाईला येत होतं, आणि मी बेचाळीस वर्षं बोट चालवणारा कॅप्टन, मला येत नव्हतं. शेवटी समुद्राच्या पाण्याच्या वीस बादल्या ओतल्या. दुपारी ओटा वाळला तेव्हा तो मधासारखाही नव्हता आणि आरशासारखाही नव्हता. साधा, उजळ, कोरडा, आणि पाय ठेवला की पायाला धरणारा. इझ्झेत उस्ताद आला, बूट काढून वर उभा राहिला. "झालं," म्हणाला. उरलेले दोन शब्द त्याने त्या दिवशी वापरलेच नाहीत.

मग पायऱ्या. चार पायऱ्या आहेत, सागवानी, बिजागऱ्यांवर दुमडतात, बोट चालायला लागली की वर घ्यायच्या. डाव्या हाताला कठडा आहे कारण तुझा डावा गुडघा. पायऱ्यांची उंची मी तीनदा बदलली. इझ्झेत उस्ताद चिडला, ठोकलेलं पुन्हा काढायला लावतोस म्हणून, पण मी हटलो नाही. पहिल्यांदा एक वीत केली होती, ती जास्त होते. गुडघा तिथे अडतो, आणि अडला की माणूस घाबरतो. आता वितीला तीन बोटं कमी आहे. दुखरा गुडघा किती वाकतो हे मला कसं कळलं ते सोड. कळलं. चौथी पायरी कमरेइतक्या पाण्यात आहे, तिथून पुढे नुसतं अंग सोडायचं.

निगा कशी राखायची तेही शिकलो, आणि आठवड्याला करतो. एक बादली खारं पाणी, मऊ ब्रश, आडवं. तेल नाही, व्हार्निश नाही, फवारा नाही, सरपंच नाही. राखाडी झालं तर होऊ द्यायचं, म्हातारपणी आपणही होतोच. बुचं ढिली झाली तर ठोकायची, आणि थंडी लागली की ओटा काढून शेडमध्ये उभा करून ठेवायचा. एवढ्यासाठी मी चार महिने घालवले. कोणी विचारलं तर सांगू नकोस.

तर आक्का, गेल्या सप्टेंबरात तू बसमध्ये चढलीस तेव्हा नाझिफेने तुझ्या मागे रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं, माणूस पाण्यासारखा जावा आणि पाण्यासारखा परत यावा म्हणून ओततात तसं. जाणं झालं. येणं राहिलं आहे. निळा पोशाख मी कोणाला दिलेला नाही, तो धुऊन दोरीवर आहे. एक जूनला ये. गुडघा दुखतो, बस लांबची आहे, पक्ष्याला कोण बघेल, ही कारणं मला सांगू नकोस. पक्ष्याला घेऊन ये. आली नाहीस तर मी ‘यादिगार’ घेऊन निघेन, सगळा किनारा वर चढेन, सामुद्रधुनीतून जाईन, आणि तुझ्या बुर्साजवळच्या मुदान्याच्या धक्क्याला ओटा लावून भोंगा वाजवत बसेन. दहा दिवस लागोत की वीस. चहाखान्यात सांगून बसलो आहे.

तुझे हात पुन्हा कपाळाला लावतो.

तुझा धाकटा,
हिल्मी

ता. क. तेलाचं. तुझ्या वाटणीचे पाचही डबे ओट्याने प्यायले. माझ्या वाटणीचं मी नाही लावलं, कारण ते नाझिफेने कुलपात ठेवलं होतं. तुझे डबे दारात होते, पाठवायला बांधून ठेवलेले. चूक झाली. पण नीट विचार केलास तर ते तुझंच तेल तुझ्याच ओट्यात गेलं, आणि उरलेलं सेव्हिमच्या गालिच्यात. यंदाच्या हंगामात माझ्या वाटणीतून देईन. नाझिफेला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. (दुसऱ्या हातचं) मुबेरा वन्सं, मी नाझिफे. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं तेव्हा मी वाचलं, कारण पाकीट उघडंच होतं. कुलपाची किल्ली आता माझ्या गळ्यात आहे. पण मला दुसरंच सांगायचं आहे. व्हार्निशवरून सरपंच घसरले नाहीत. सरपंच धक्क्यावर चहा पीत उभे होते, आणि कपड्यांसकट उडी मारून त्यांनीच ह्यांना बाहेर काढलं. घसरले हे. गुडघा हे फोडून बसले, तीन आठवडे काठी, सगळं खरवडणं स्टुलावर बसून केलं. त्या पायऱ्यांची उंची ह्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर मोजली आहे, रोज एकेक उतरून, दात खाऊन. आणि बेटापर्यंत पोहतात हे धादांत खोटं. एप्रिलपासून ह्यांनी पाण्यात अंग सोडलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, नवीन पायऱ्यांचा पहिला मान आक्काचा. मान कसला, वन्सं? घाबरले आहेत. तुम्ही या.

ता. क. पाकीट नाझिफेने माझ्याकडून पुन्हा चिकटवून घेतलं म्हणून मीही वाचलं. ती वाढवून सांगते. घसरणं झालं, पण तीन आठवडे नव्हते, अठरा दिवस होते, आणि पेला खरंच वर राहिला, चहा न सांडता, हे सरपंचांनाही विचार. पहिल्या तीन पायऱ्या मी रोज उतरतो. चौथीवर जाऊन उभा राहतो, पाणी कमरेला लागतं, आणि मग वर येतो. आक्का, एक जूनला ये. आणि या वेळी "मी धरलंय" असं म्हणालीस, तर खरोखर धर.